तीन की आठ

इरावतीनं दोन वर्षं खपून जो फॉन्ट केला, त्याचं नाव तिनं ‘दाटी’ ठेवलं. नावाप्रमाणेच त्याचं रूप होतं. अक्षरं जाड, उंच आणि चिंचोळी. कुठं शेपूट नाही, वेलांटीचा नखरा नाही, शिरोरेषा लोखंडी पट्टीसारखी सरळ. एरवी चार अक्षरं मावतात तिथं दाटीत सहा मावायची, आणि तीही रस्त्यापलीकडून वाचता यायची. पुस्तकात वापरायचा फॉन्ट तो नव्हेच. दुकानाची पाटी, सभेचा फलक, बसची बाजू, कोचिंग क्लासचं होर्डिंग, अशा ओरडून सांगायच्या जागांसाठी तिनं तो काढला होता, आणि कुणालाही फुकट उतरवून घेता येईल असा नेटवर ठेवून दिला होता.

ती मूळची धारची. पणजोबा संस्थानाच्या दप्तरात होते, आई, म्हणजे माई, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेली. लग्न होऊन इरावती देवासला आली. नवरा योगेंद्र कापडाच्या प्रोसेसिंग कारखान्यात मेंटेनन्सला. सासरे, ज्यांना सगळे दादा म्हणत, चाळीस वर्षांपूर्वी भुसावळहून त्याच कारखान्यात ऑपरेटर म्हणून आले आणि तिथूनच निवृत्त झाले. सासूबाई तिच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात ही तिघंच.

फॉन्टमधल्या देवनागरी अक्षरांवर तिनं जीव ओतला होता. एकट्या ‘क्ष’साठी तिचे अकरा दिवस गेले. इंग्रजी आकडे मात्र शेवटच्या दोन दिवसांत उरकले. आठ छान जमला. मग त्याच आठाच्या डाव्या अंगाला दोन खाचा पाडून तिनं तीन केला. खाचा रुंद केल्या की तीन अशक्त दिसायचा, रांगेतला एखादा आजारी मुलगा असावा तसा. म्हणून तिनं त्या अरुंद ठेवल्या. संगणकाच्या पडद्यावर सगळे आकडे एका वजनाचे दिसत होते आणि तिला त्याचाच आनंद होता.

कारखान्याच्या टाक्यांवर नवे नंबर घालायचे ठरले तेव्हा योगेंद्रनंच ‘दाटी’ सुचवला. साहेबांनाही तो आवडला. आकडे दीड मीटर उंच हवे होते. स्टेन्सिल कापायचं आणि रंगवायचं काम उमाशंकर नावाच्या जुन्या पेंटरकडं गेलं. सगळं आयुष्य त्यानं हातानं पाट्या रंगवण्यात घालवलं होतं. स्टेन्सिलचे नमुने न्यायला तो घरी आला, तेव्हा तिनाचा कागद हातात धरून बराच वेळ बघत राहिला.

“बिटिया, इस तीन का मुँह तो बंद है,” तो म्हणाला. “रंग थोडा फैलेगा ना, तो और बंद हो जाएगा.”

“दूर से ठीक दिखेगा, काका,” इरावती म्हणाली. तिला वाटलं, म्हाताऱ्याला गोल, वळणदार आकड्यांची सवय. उमाशंकरनं मान हलवली, कागद गुंडाळला आणि तो गेला.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. साडेदहा वाजले असतील. दादा ओट्याशी बसून मटार सोलत होते आणि इरावती कॉम्प्युटरवर एका लग्नपत्रिकेचं काम करत होती. योगेंद्रचा फोटो आला. कुंपणाबाहेरून टिपलेली टाक्यांची पुढची रांग. पांढऱ्या टाक्या, त्यांवर काळे आकडे. खाली लिहिलं होतं, ‘काल संध्याकाळी झालं बघ. तुझी अक्षरं!’

तिनं फोटो पाहिला आणि तिला हसू आलं. एक, दोन, आठ, चार. पेंटरनं गंमतच केली, आठ मध्येच कसा घातला? तसं ती लिहायलाही लागली. मग बोटांनी फोटो मोठा केला. आठ नव्हता तो. तीन होता. खाचांच्या कडांना रंग ओघळला होता आणि आत केसाएवढी पांढरी रेघ उरली होती.

तिनं फोन खाली ठेवला, परत उचलला. हातभर लांब धरला. आठ. जवळ आणला. तीन. पुन्हा लांब. आठ.

आकडा तिनंच काढलेला. त्याचा एकन् एक बिंदू तिच्या ओळखीचा. आणि तिलाच तो आठ दिसत होता.

“दादा,” ती म्हणाली, “तीन नंबरच्या टाकीत काय असतं?”

“तीनात? हायपो. कापड पांढरं करायचं ब्लीच गं.”

“आणि आठात?”

“ॲसिड.” दादांनी शेंग फोडली. “का?”

तिनं फोन त्यांच्यापुढं धरला. दादांनी चष्मा वर सरकवला आणि वाचलं, “एक, दोन, आठ...” आणि ते थांबले. मांडीवरच्या शेंगा ओट्यावर ठेवून उभे राहिले.

“हा तीन आहे?”

“हो.”

“खाली नावं कुठायत? हायपो, ॲसिड, धोक्याचे पट्टे? सगळं लिहिलेलं असायचं टाकीवर.”

“रंगकामासाठी काढलंय. या आठवड्यात परत लावणार होते, योगेंद्र म्हणाला होता.”

“आज वार काय?”

“मंगळवार.”

दादांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला तिनं पहिल्यांदाच पाहिला. “मंगळवारी ॲसिडचा टँकर येतो,” ते म्हणाले. “अकराच्या सुमारास. हायपोत ॲसिड पडलं ना इरा, तर क्लोरीन निघतो. एकोणनव्वदला एका माणसानं नुसती बादली चुकवली होती. एक बादली. तिघांना उचलून न्यावं लागलं.”

तिनं योगेंद्रला फोन लावला. वाजत राहिला. टाक्यांच्या आवारात मोबाइल न्यायची बंदी होती, बाहेर लॉकरमध्ये ठेवावे लागत. पुन्हा लावला. ऑफिसच्या नंबरावर एका मुलीनं सांगितलं, सर राऊंडला आहेत, निरोप ठेवते. “टँकर थांबवा,” इरावती ओरडली. “तीन नंबरच्या टाकीजवळ कुणाला काही जोडू देऊ नका!” पलीकडून ती मुलगी घाबरल्यासारखी म्हणाली, “मैडम, आप कौन बोल रही हैं?” आणि मग लाइनच तुटली.

स्कूटर तिनं काढली. दादा मागं बसले. इंडस्ट्रियल एरियाचा रस्ता जेमतेम पंधरा मिनिटांचा, पण रेल्वे फाटक लागलं होतं. मालगाडी संपता संपेना. समोर एका क्लासचं होर्डिंग होतं, दाटीत लिहिलेलं, खाली फोन नंबर. एरवी असं होर्डिंग दिसलं की ती स्कूटर हळू करायची. आज तिनं मान फिरवली. मागून दादांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

गेटवर मोनू नावाचा गार्ड होता. तो दादांना ओळखत होता.

“अरे दादाजी! आइए, आइए.”

“टँकर आला का रे भिया? ॲसिडवाला?”

“हाँ, अभी गया अंदर. दस-पंद्रह मिनट हुए.”

“फोन लगा यार्ड में. जल्दी.”

मोनूनं इंटरकॉम लावला. कुणी उचलेना. “उठा नहीं रहे. गेटपास बनवा दूँ आपका? मैडम का आधार...”

इरावती आडव्या दांडीखालून वाकून आत गेली होती. मागून मोनूची हाक आली, मग दादांचा दरडावणारा आवाज. ती पळत होती. या कारखान्यात ती एकदाच आली होती, दादांच्या सत्काराला, तेही हॉलमध्ये. पण दादांच्या गोष्टी तिनं इतक्या ऐकल्या होत्या की बॉयलरच्या चिमणीपासून डावीकडं वळायचं हे तिला ठाऊक होतं. पायात चपला होत्या. एक निघाली, तिनं ती तिथंच टाकली.

वळणावरून टाक्या दिसल्या. म्हणजे एकच दिसली. इतरांचे आकडे पाइपांच्या जाळीमागं आणि पेंटरनं अजून न सोडलेल्या बांबूंच्या परांचीमागं झाकले गेले होते. मोकळ्या जागेतून टँकरच्या रस्त्यावरून पूर्ण दिसत होता एकच काळा आकडा, आणि तो आठ होता.

त्याच्याखाली टँकर उभा होता. टँकरमधून निघालेला जाड काळा नळ टाकीच्या तोंडाला जोडलेला होता. चाळिशीचा एक माणूस पिवळं हेल्मेट घालून व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून उभा होता.

“बंद करो!” ती किंचाळली. “तीन है! वो तीन है!”

पंपाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं तिच्याकडं पाहिलं तेव्हा बहुधा त्याला दिसली ती एका पायात चप्पल असलेली, हात हलवणारी एक अनोळखी बाई. त्यानं कपाळाला आठी घातली. मग टाकीच्या वरच्या झाकणातून काहीतरी खाली उतरायला लागलं. धूर म्हणावा तर धूर नव्हे. हिरवट पिवळं, जड, वर न जाता टाकीच्या अंगावरून खाली सरपटणारं. तिच्या नाकात पहिल्यांदा पोहण्याच्या तलावाचा वास आला आणि लगेच घशात कुणी सुई खुपसावी तसं झालं.

तो माणूस पळाला असता तर त्याला काही झालं नसतं. त्यानं वर पाहिलं, आणि त्याला कळलं. आधी तो पळालाच, दोन पावलं. मग परत फिरला आणि दोन्ही हातांनी चाक फिरवायला लागला. खोकत होता, वाकत होता, आणि चाक फिरवत होता.

मागून कुणीतरी तिचा दंड धरून जोरात ओढलं. दादा होते. एका हातानं त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. “वाऱ्याकडं तोंड कर! तिकडं, तिकडं चढावर पळ! खाली वाकू नकोस, खालीच साठतो तो!” तेवढ्यात भोंगा सुरू झाला. मोनूनं वाजवला असावा.

चढावर पोचल्यावर तिनं मागं पाहिलं. पंप थांबला होता. चाक फिरलं होतं. तो माणूस चाकाशीच गुडघ्यावर बसला होता. नंतर त्या पिवळट धुक्यात शिरणारी एक आकृती तिला दिसली, तोंडावर मास्क, पाठीवर सिलिंडर, आणि चालण्यावरून तिला कळलं की तो योगेंद्र आहे. तो परत बाहेर येईपर्यंत किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नाही. दादा नंतर म्हणाले, दोन मिनिटंसुद्धा नसतील. तेवढ्या वेळात त्यांनी तिच्या मनगटावर बोटांचे वळ उठवले होते.

योगेंद्र त्या माणसाला खांद्यावर घेऊन आला.

त्याचं नाव पीयूष. सतवासचा. बॉयलरवर होता, चारच दिवसांपूर्वी टाक्यांवर आणलेला, कारण नेहमीचा ऑपरेटर भाचीच्या लग्नाला गेला होता. टाकीत ॲसिड फार गेलं नव्हतं. त्यानं वेळेत चाक फिरवलं म्हणून वस्तीपर्यंत काही पोचलं नाही. पण त्याची फुप्फुसं भाजली होती. सहा दिवस तो ऑक्सिजनवर होता.

त्या सहा दिवसांत इरावती नीट जेवली नाही. डोळे मिटले की खाच दिसायची. चौथ्या दिवशी योगेंद्र चौकशीच्या अहवालाचा मसुदा घेऊन घरी आला. तो टेबलावर तसाच राहिला आणि तिनं वाचला. ‘ऑपरेटरनं टाकीचा क्रमांक काळजीपूर्वक वाचला नाही.’

“हे खरं नाहीये,” ती म्हणाली.

“माहितीये मला.” योगेंद्र बूट काढत होता, तिच्याकडं बघत नव्हता. “पण स्टेन्सिलच्या ड्रॉइंगवर माझी सही आहे, इरा. नावाच्या पाट्या लागायच्या आधी यार्ड चालू ठेवलं, तेही माझ्याच सहीनं. आणि फॉन्टवर तुझं नाव आहे. पोलीस आले तर काय सांगशील? तू आत्ता काही बोलू नकोस. प्लीज.”

“आणि पीयूष?”

“त्याचं मी बघतो काहीतरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धारची बस धरून माईकडं गेली. फोन बंद करून ठेवला. दारावर थाप पडली की ती उठून आतल्या खोलीत जायची. दूधवाला असायचा, किंवा शेजारच्या सुमंगलामावशी. दोन दिवस माईनं काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी देवपूजा आटोपून ती इरावतीच्या शेजारी येऊन बसली आणि इरावतीनं सगळं सांगितलं.

माईनं मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, “तुला कुणी विचारलं, तर खोटं सांगशील काय गं?”

“नाही.”

“मग विचारायची वाट कशाला बघत्येस?”

“मला भीती वाटते, माई.”

“वाटणारच. न वाटायला काय झालं? जा हो तू. भीती वाटतच जा.”

ती देवासला परतली ती थेट दवाखान्यात गेली. पीयूष बसता झाला होता. बायको, उर्वशी, त्याला चमच्यानं वरण भरवत होती. इरावतीनं आपण कोण ते सांगितलं. उर्वशीचा चमचा हवेतच थांबला.

पीयूषचा आवाज गेला होता, नुसती हवा यायची. तो म्हणाला, “दीदी, सब बोल रहे हैं कि तीन लिखा था.”

“हो.”

“मैंने तो आठ पढ़ा. कसम से. दो बार पढ़ा. पर्ची पे आठ, टंकी पे आठ.” त्याचे डोळे भरून आले. “छह दिन से यही सोच रहा हूँ, मेरा दिमाग खराब हो गया क्या? बच्चों को क्या पढ़ाऊँगा?”

“तुमने सही पढ़ा,” इरावती म्हणाली. तिचं हिंदी अडखळायला लागलं. “मैंने भी आठ पढ़ा. मैंने बनाया है और मैंने भी... चूक माझी आहे. गलती मेरी है, भैया. तुमची नाही.”

पीयूषनं डोळ्यांवर हात घेतला आणि तो आवाज न करता रडला. उर्वशी मात्र तिच्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यात माफी नव्हती. “ये बात यहाँ मत बोलो,” ती शेवटी म्हणाली. “वहाँ बोलो, जहाँ लिख रहे हैं.”

चौकशी समितीनं इरावतीला बोलावलं नव्हतं. ती आपणहून गेली. सोबत तिनं दोन कागद नेले, एकावर तीन, एकावर आठ, उमाशंकरनं रंगवून दिलेले. मीटिंगच्या खोलीच्या लांब टोकाला उभी राहून तिनं एक कागद वर धरला.

“हा कोणता आहे?” तिनं विचारलं.

समितीतल्या चौघांपैकी तिघं म्हणाले आठ. चौथा चष्मा पुसायला लागला. हातात तीन होता. मग तिनं आकडा कसा काढला, पेंटरनं काय सांगितलं होतं आणि तिनं ते कसं उडवून लावलं, हे सगळं सांगितलं. योगेंद्र भिंतीशी उभा होता. ती बोलून संपली तेव्हा तो पुढं आला आणि म्हणाला, “आणि पाट्या लावल्याशिवाय यार्ड सुरू करायची परवानगी मी दिली. तेही लिहून घ्या.” याबद्दल दोघांचं आधी काहीच ठरलेलं नव्हतं.

अहवाल बदलला. पीयूषची नोकरी राहिली, त्याला स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं. जिने चढला की त्याला अजून दम लागतो. टाक्यांवर आता दुसरेच आकडे आहेत, नावं दोन दोन भाषांत आहेत, आणि ॲसिडच्या नळाचं तोंड असं बनवलंय की ते हायपोच्या टाकीला बसूच शकत नाही. योगेंद्रची वेतनवाढ थांबली आणि बदली धार जिल्ह्यातल्या दुसऱ्या युनिटला झाली. सकाळी सहाची बस धरतो. महिनाभर तो घरात फक्त कामापुरतं बोलला. नंतर हळूहळू बोलायला लागला. दादांनी या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही, पण एकदा त्यांनी तिच्या मनगटाकडं बघून विचारलं, “दुखतं का गं अजून?” वळ केव्हाच गेले होते.

इरावतीनं फॉन्ट नेटवरून काढला. नवा तीन काढायला तिला पाच आठवडे लागले. वरची बाजू सपाट, तोंड उघडं, पन्नास पावलांवरून आणि अर्धवट पुसला गेला तरी तीनच दिसेल असा. पण जुना नऊशे जणांनी उतरवून घेतला होता. ज्यांचे पत्ते होते अशा दोनशे अकरा जणांना तिनं पत्र लिहिलं. बाकीचे कोण, कुठं, कशावर काय रंगवून बसलेत, हे कळायला काही मार्गच नव्हता. रस्त्यानं जाताना आता ती प्रत्येक आकडा वाचते. बसवरचा, खांबावरचा, सिलिंडरच्या गाडीवरचा.

उत्तरं फार आली नाहीत. एप्रिलमध्ये एक फोन आला, डहीहून, एका बसमालकाचा.

“मैडम, आपकी चिट्ठी मिली. हमारी तो चार ही बसें हैं, उसमें क्या. फिर भी बदलवा देंगे.”

“धन्यवाद,” ती म्हणाली.

“पर एक बात है. मेरे साले ने भी वही अक्षर लिए थे मुझसे. नालछा में उसका दवाई का गोडाउन है, खेती की दवाइयाँ. डिब्बों पे नंबर उसी में छापे हैं उसने.”

इरावतीनं पेन शोधलं.

“नंबर द्या त्यांचा,” ती म्हणाली. “आत्ता द्या. मी लगेच लावते.”

त्यानं एकेक आकडा सांगितला. तिनं प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवला, आणि फोन लावला.